तात्यांचे आठ किलोमीटर

एसटीत बसले की मच्छिंद्रतात्या डोळे मिटून घ्यायचे. झोपायला नाही. समोरच्या सीटची दांडी घट्ट धरायची, मान जरा पुढे काढायची आणि गाडीनं धक्का दिला की जाहीर करायचं, "बारवंची मोरी आली." पुढचा धक्का, "तांड्याचा फाटा." मग लागोपाठ दोन बारके धक्के. "म्हसोबाचा चढ. हितं डांबर कमी पडलंतं त्या साली." शेजारी कोणी नवखा माणूस असला की तो वाकून खिडकीबाहेर बघायचा, आणि बाहेर खरोखरच म्हसोबाचा शेंदरी दगड मागे जात असायचा. माणूस चाट पडायचा. तात्यांना त्याचं काही विशेष नव्हतं. डोळे मिटलेलेच ठेवून ते विचारायचे, "तुमच्याकडच्या रस्त्याला कळतं का असं?" तो म्हणायचा, आमच्याकडे रस्ता चांगला आहे. तात्या मनापासून हळहळायचे.

"मंग घर आलं म्हनून कळतं तरी कसं तुमाला?"

तात्या आमचे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये तुराट्यांचं एक कुंपण आहे, त्याला मध्ये एक भोक आहे, आणि सगळं शेजारपण त्या भोकातून चालतं. नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, हुद्दा मैलकुली. हा हुद्दा आता संपत आलाय, म्हणून सांगावं लागतं. रस्त्याचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका माणसाला नेमून दिलेला असायचा. त्यानं त्या तुकड्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये अडकलेला पालापाचोळा उपसायचा, झाड पडलं तर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं. हत्यारं म्हणजे टिकाव, फावडं आणि घमेलं. तात्यांकडे आष्टीच्या बाजूचे आठ किलोमीटर होते. नोकरीभर तेच आठ. बरोबरचे लोक वशिला लावून कुठं कुठं निघून गेले, कोणी ऑफिसात शिपाई झाला, कोणी साहेबाच्या बंगल्यावर बागेला पाणी घालू लागला. तात्यांना दोनदा तशी जागा मिळत होती. दोन्ही वेळा ते साहेबाच्या पाया पडून आले, की मला हितंच ठेवा.

निवृत्त झाले तेव्हा ते खरे त्रेपन्न-चोपन्नचे होते. कागदावर साठ. नोकरीला लागताना वय कमी पडत होतं, तर ओळखीच्या मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर सहा-सात वर्षं वाढवून एक जून अशी तारीख टाकून दिली. आमच्याकडे अर्धं गाव एक जूनला जन्मलंय. तेव्हा त्या वाढीव वर्षांनी नोकरी दिली आणि शेवटी तितकीच वर्षं काढून घेतली. कोणी आजोबा म्हटलं की तात्या ताडकन उत्तर द्यायचे, "मी कागदावर म्हातारा हाय. घरी न्हाई."

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घमेलं घेऊन पुन्हा रस्त्यावर गेले. गयाकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांला सांगा की, पगार बंद झालाय." मी सांगितलं. तात्या म्हणाले, "पगार बंद झालाय, पाऊस कुठं बंद झालाय?"

पाऊस हा त्यांचा एकमेव वैरी. "पानी काडा, रस्ता ऱ्हाईल," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते ते कशालाही लावत. पोरांच्या सर्दीला, सोसायटीच्या निवडणुकीला, सासूसुनांच्या भांडणाला. कुणाचं काही बिनसलं की तात्या म्हणायचे, पाणी साचलंय कुठंतरी, चर काढा. दुसरं वाक्य साईडपट्टीचं. डांबराच्या दोन्ही अंगांना मुरमाची जी कडा असते ती साईडपट्टी. ती खचली की रस्ता कडेकडेनं कुरतडला जातो. तात्यांना लग्नात आशीर्वाद द्यायला कोणी माइक दिला नाही कधी, पण अक्षता पडल्यावर ते नवरदेवाच्या कानाला लागून म्हणायचे, "मधला रस्ता आपोआप ऱ्हातो. साईडपट्टी सांभाळ." माझ्याही लग्नात म्हणाले होते. मला त्याचा अर्थ समजायला बरीच वर्षं लागली.

मी आष्टीच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. संध्याकाळी ओट्यावर पेपर तपासत बसलो की तात्या भोकातून येऊन बसायचे आणि म्हणायचे, वाचा मोठ्यानं. एकदा 'पायाभूत सुविधांचे राष्ट्रीय अर्थव्यवस्थेतील महत्त्व' असा प्रश्न होता. पोरांनी लिहिलेली उत्तरं म्हणजे माझ्याच नोट्स, चुका धरून. तात्यांनी सहा पेपर ऐकले. मग म्हणाले, "रस्त्याचं समद्यात पयलं लिवलंय, ते बरं केलं. पर एक इचारू का? रस्ता बांदल्यावर त्यो नीट ठेवायचा, त्याचं कुठंय ह्यात?"

मी म्हणालो, "देखभाल. येतं ते. पुढच्या धड्यात एक ओळ आहे."

"एक ओळ," तात्या म्हणाले. "भूमिपूजनाला मंत्री येतो. उद्घाटनाला मंत्री येतो. खड्डा बुजवायला कोन आलतं का कदी?"

मग मी त्यांना गुणक समजावून सांगितला. सरकारनं रस्त्यावर एक रुपया घातला की तो तिथंच बसत नाही. सिमेंटवाल्याकडे जातो, मजुराकडे जातो, मजूर किराणा भरतो, किराणावाला पोरीची फी भरतो. असा फिरत फिरत तो वाढतो. शिवाय रस्ता झाला की माल बाजारात लवकर पोचतो, कारखाना येतो, कामं वाढतात. तात्या मन लावून ऐकत होते. वर्गात असं कोणी ऐकत नाही.

"आन् त्याच रस्त्यानं मानूस निघून गेला तर? त्यो कशात धरायचा?"

मी म्हणालो, त्याला श्रमाची गतिशीलता म्हणतात.

हा शब्द तात्यांना अतोनात आवडला. तोंडात घोळवत घरी गेले. दसरा झाला, आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्यांची हलवाहलव सुरू झाली, ट्रकवर ट्रक निघाले, वर माणसं, भांडी, कोंबड्या, बाजेचे उलटे पाय, पदराखाली लेकरं घेतलेल्या बाया. तात्या रस्त्याच्या कडेला फावड्यावर हनुवटी टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "चालली गतिशीलता." त्यांचा एकुलता मुलगा चाकणला कंपनीत लागला तेव्हाही पेढा देताना म्हणाले, "आमचा बी गतिशील झाला." 

एक मात्र होतं. दसऱ्याच्या आधी आठ दिवस तात्या घरी दिसायचे नाहीत. दिवस दिवस खड्डे भरत असायचे. ट्रकच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना धक्का जास्त बसतो, आणि मागच्या बाजूला बाया बसतात, एवढंच ते एकदा बोलले होते.

मग नवा रस्ता आला. चौपदरी म्हणावा इतका रुंद, सिमेंटचा. मोजणीवाले आले, कडेचे लिंब तोडले गेले, पिवळी यंत्रं आली. गावात आनंद होता आणि तो खोटा नव्हता. दुधाच्या गाड्या नगरला पोचेपर्यंत दूध फाटायचं ते थांबणार होतं. जमिनीला भाव येणार होता. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना वाटेतच बाळंत व्हायची वेळ येणार नव्हती. मी वर्गात फळ्यावर रस्ता काढून शिकवलं आणि पहिल्यांदाच पोरांनी खिडकीबाहेर बोट दाखवून मान हलवली.

तात्या रोज कामावर जाऊन उभे राहू लागले. कामाची इंजिनिअर एक तरुण मुलगी होती, काळे मॅडम, अमरावतीकडच्या. त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं, "आजोबा, बाजूला व्हा, मशीन मागे येतंय." झालं. कागदावरच्या आणि घरच्या वयाचा सगळा इतिहास त्यांना ऐकावा लागला. त्यानंतर तात्या त्यांना रोज एक तरी चूक सांगायचे. मुरूम ओला आहे. उतार उलटा दिलाय. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओढ्यावरची मोरी. "वढा तिरका येतो, तुमी मोरी सरळ बांदली. पयल्या मोठ्या पान्यात बसंल ही. लिवून घ्या." मॅडमनी खरोखर वहीत लिहून घेतलं. तेवढ्यानं तात्या गप्प झाले, पण मोरी बसणार हे गावभर सांगत राहिले. पानटपरीवर त्यावर चहाच्या पैजा लागल्या.

परतीचा पाऊस त्या वर्षी जोरात झाला. दुपारी ओढा भरून वाहू लागल्याचं कळलं तसे तात्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन निघाले. मीही गेलो. भरावावर आम्ही दोघं उभे. पाणी लाल, काठावरच्या बाभळी ओढत आलेलं. आलं, मोरीच्या तोंडाशी थोडं फुगलं, आणि तिन्ही गाळ्यांतून पलीकडे निघून गेलं. बस्स. तात्या अंधारून येईपर्यंत थांबले. पाणी ओसरायला लागल्यावर त्यांनी खाली वाकून ओढ्याला विचारलं, "गेलास का बे सरळ?"

 घराशी आल्यावर म्हणाले, "चांगली बांदलीय." आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन सांगितलं म्हणे, की ते वहीतलं खोडून टाका.

आष्टीकडचे पाच किलोमीटर आणि गावापुढचा रस्ता आधी पुरा झाला; मधल्या तीन किलोमीटरची नवी एकच बाजू झाली, जुना रस्ता शेजारी तसाच राहिला. गाड्या सुरू झाल्या. त्या आठवड्यात तात्या बाजाराहून परत येताना एसटीत बसले, दांडी धरली, डोळे मिटले. पहिल्या धक्क्याची वाट बघत राहिले. गाडी आपली चाललीच आहे. गाव आलं, माणसं उतरली, गाव गेलं. तात्या दांडी धरून बसलेले. दोन गावं पुढं गेल्यावर कंडक्टरनं खांद्याला हात लावला. "तात्या, आज झोपलात व्हय?"

तात्या तिथंच उतरले आणि चालत आले. माझी मोटारसायकल वाटेत भेटली, मी बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी गाडी हातात धरून त्यांच्याबरोबर चालू लागलो. चांगला तासभर ते सिमेंटकडे बघत चालत होते.

"पायाला तरी काय कळतं का, बगत व्हतो," शेवटी म्हणाले.

"मग, कळलं?"

"न्हाई." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "सर, लई चांगला रस्ता केलाय. ह्याला मानूस लागत न्हाई."

त्यानंतर ते बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. घमेलं गयाकाकूंनी शेणी ठेवायला घेतलं, तेही त्यांनी घेऊ दिलं. मी कुंपणातून हाक मारली तर ओ द्यायचे, पण यायचे नाहीत. मी पेपर मनातल्या मनात तपासायचो.

त्या तीन किलोमीटरच्या राहिलेल्या बाजूचं काम उन्हाळ्याच्या तोंडाला निघालं. हा तुकडा आमच्या गावाला लागून, चढाचा. इथं जुना रस्ता पार खणून काढायचा होता. यंत्रानं डांबराचे थर उचकटले, त्याखालची खडी वर आली, त्याखालचे मोठे दगडही. कडेला ढीग पडले. आणि तात्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागले. पण आता उभे नसायचे. ढिगापाशी उकिडवं बसून एकेक खडा उचलायचे, उलटासुलटा करायचे आणि टाकून द्यायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. क्वचित एखादा खडा धोतराच्या सोग्यात जायचा. लोक आधी हसले. मग पोरं त्यांना खडे आणून देऊ लागली, "तात्या, ह्यो सोन्याचा हाय का?" पुढं पुढं कोणी हसेनासं झालं. आणि एका शनिवारी त्यांच्या मुलाचा चाकणहून मला फोन आला. "सर, तात्यांचं डोकं फिरलंय म्हणतात लोक. तुम्ही बघा ना जरा. मला सुट्टी नाही मिळत."

मी रविवारी सकाळी गेलो. काळे मॅडम ढिगापाशीच होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, हे काय शोधतायत ते सांगतच नाहीत. उद्या सकाळपासून हा सगळा माल क्रशरला जाणार आहे. दळून परत रस्त्याच्या खालच्या थरात घालायचाय. टिपर लागतील, यंत्रं फिरतील. इथं कोणाला बसू देता येणार नाही मला."

मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ऊन चढत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तात्या, काय हरवलंय?"

त्यांनी दोन खडे माझ्या हातात दिले. "हेच्यात काय दिसतं?"

"खडी."

"तुमी अर्थशास्त्राचे सर. तुमाला कावून दिसंल?" मग सावकाश बोलले. "मशिनची खडी समदी सारखी असती. ही हातची हाय. बायांनी फोडल्याली. बहात्तरच्या दुष्काळात ह्यो रस्ता झाला."

ते मला माहीत होतं. आमच्या भागातले निम्मे रस्ते आणि पाझर तलाव दुष्काळी कामांतच झालेत. माझ्या नोट्समध्येसुद्धा ते आहे, की दुष्काळात मजुरी देऊन सरकारनं पायाभूत सुविधा उभ्या केल्या, लोक जगले आणि मालमत्ताही तयार झाली. परीक्षेत दोन गुणांना येतं.

"माझी माय ह्या कामावर व्हती," तात्या म्हणाले. "मी दोन वर्साचा आसंल. बाभळीला झोळी बांदून मला त्यात टाकायची आन् खडी फोडायची. दुपारी सुकडी मिळायची, ती मला चारायची. वैशाखात उलट्या-जुलाब लागले. हितंच गेली. कामावरच. बाप सांगायचा, ह्या चढाला तिचा ढीग व्हता."

मला एवढ्या वर्षांत हे माहीत नव्हतं. कुंपणाच्या भोकातून एवढं आलं-गेलं, पण हे कधी आलं नव्हतं.

"फोटो न्हाई तिचा," ते म्हणाले. "त्या टायमाला कोन काडणार? एका कागदावर नाव न्हाई. हजेरीपट व्हता, त्यो मी हापिसात लई हुडकला, साहेबाला सांगून गठ्ठे सोडले. वाळवीनं खाल्ल्याला. लुगडं बापानं तिच्यासंगं जाळलं. तिनं केल्यालं, तिच्या हातचं आसं काय ऱ्हायलं आसंल तर ही खडी. म्हनून हे आठ किलोमीटर मागून घेतले मी. चाळीस वर्सं वरनं डांबर घालीत ऱ्हायलो, सर. खाली ती व्हती. आता उघडं पडलंय तर म्हनलं, बगावं."

मॅडम कधी येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्या खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण तात्या, इतक्या ढिगात ओळखणार कसं?"

पहिल्यांदाच त्या त्यांना तात्या म्हणाल्या.

तात्यांचा चेहरा उजळला. नोकरीतलं कसब विचारल्यावर माणसाचा उजळतो तसा. "माय डावखुरी व्हती. डाव्या हातानं हातोडी मारली की दगुड दुसऱ्या अंगानं फुटतो. हे बगा. ह्यो उजव्या हाताचा. आन् ह्यो," त्यांनी सोग्यातला एक काढून पुढं धरला, "ह्यो बगा कसा गेलाय."

मी पाहिला. मला दोन्ही दगड सारखेच दिसत होते. मॅडमनी तो हातात घेऊन फिरवला, उन्हात धरला, आणि परत त्यांच्या हातात ठेवला.  उठून लांब जाऊन कोणाला तरी फोन केला, बराच वेळ. परत आल्यावर म्हणाल्या, "उद्या टिपर तांड्याकडच्या ढिगाला लावते. मंगळवारी दुपारपर्यंत वेळ आहे. पुढचं माझ्या हातात नाही. आणि हे घाला." त्यांनी आपल्या गाडीतलं पिवळं हेल्मेट आणि नारिंगी जाकीट आणून दिलं.

सोमवारी आणि मंगळवारी तात्या हेल्मेट घालून ढिगात बसले होते. मी कॉलेजला दांडी मारली. मी खडे उचलून द्यायचो, ते बघायचे. बाराच्या सुमारास मॅडमही आल्या आणि अर्धा तास बसून खडे पुढं सरकवत राहिल्या. मंगळवारी दुपारी टिपर आले तेव्हा तात्या आपणहून उठले. झटकून घेतलं, हेल्मेट परत दिलं. एवढ्या ढिगातून त्यांना अकरा खडे पटले होते. बाकीचा सगळा ढीग क्रशरला गेला, त्याचा चुरा झाला आणि तो नव्या रस्त्याच्या पोटात जाऊन बसला. मॅडम मला म्हणाल्या, "काही वाया जात नाही, सर." त्यांचा आवाज मात्र समजूत घालणाऱ्याचा होता.

संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो. ते न्हाणीत आंघोळ करत होते. गयाकाकू ओट्यावर सुपात बाजरी निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, मुलाला फोन करून सांगतो. डोकं काही फिरलेलं नाही. त्यांना आईची आठवण हवी होती. ती डावखुरी होती म्हणून खडे ओळखता आले तरी."

काकूंचे हात थांबले. आतून पाण्याचा आवाज येत होता. तो येतोय याची खात्री करून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमाला म्हनून सांगते. कुठं बोलू नका. ते मीच सांगितलं ह्यांला."

"काय?"

"डावखुरीचं." त्या सुपाकडं बघत बोलत होत्या. "माझी माय बी व्हती ना त्या कामावर. लगीन झालं तसं हे रोज इचारायचे. तुझी माय काय सांगती का माझ्या मायचं? गोरी व्हती का काळी? उंच व्हती का? हसायची का? मी माहेरी गेले तवा मायला इचारलं. ती म्हनली, अगं शेकड्यानं बाया. धुराळ्यानं समद्यांच्या तोंडाला फडकी बांदल्याली. खाली मान घालून दगुड फोडायचा, कोन कोनाला बगतंय? तिला काय बी याद नव्हतं." त्यांनी एक खडा बाजरीतून काढून अंगणात टाकला. "मी परत आले तर हे फाट्यावर येऊन उभे. आता त्यांला काय सांगू? म्हनलं, माय म्हनत व्हती, डावखुरी व्हती म्हनून. तेवडंच म्हनलं. तोंडाचं काय सांगितलं न्हाई. तोंडाचं खोटं बोलवंना."

मी सुपाबाहेर पडलेले दोन दाणे उचलून आत टाकले.

"मला काय म्हाईत, हे तेवडंच धरून बसतील," काकू म्हणाल्या. "लई येळा वाटलं सांगून टाकावं. पर मंग ह्यांच्याकडं काय ऱ्हातं?"

पाण्याचा आवाज बंद झाला. तात्या उघड्या अंगानं, पंचानं डोकं पुसत बाहेर आले. ओट्यावर ओल्या फडक्यात ठेवलेले अकरा खडे त्यांनी सोडले आणि माझ्यासमोर एका ओळीत मांडले. धुतल्यावर ते काळेभोर दिसत होते. एकेकाची फुटलेली बाजू त्यांनी माझ्याकडं वळवून ठेवली. मी प्रत्येक खडा हातात घेतला आणि प्रत्येक वेळी म्हणालो, "हो तात्या, दिसतंय."

"सरांना नीट कळलं न्हाई आजून," तात्या काकूंना म्हणाले. "तू दाव की त्यांला. कशी धरायची हातोडी ती, तुझी माय दावायची तसं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही. सूप मांडीवरून खाली ठेवलं, डावा हात पदराला पुसला, मूठ वळली, खांद्यापर्यंत वर नेली आणि समोरच्या नसलेल्या दगडावर आणली. जरा तिरकी. मनगट शेवटी किंचित आत वळवून. त्यात अवघडलेपण नावालाही नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं तो हात तेवढंच करत आला असावा.

तात्या टक लावून बघत होते.

"आजून येकदा," ते म्हणाले.

काकूंनी हात उचलला.